सात नंबरचा शिक्का

काकांवर लिहायला बसायचं तर आधी एक कबुली द्यायला हवी. माझा त्यांच्यावर राग होता, आणि खरं विचाराल तर अजूनही थोडा आहे. त्यांच्यामुळे उज्ज्वलाताईंचं शेवटचं दर्शन माझं चुकलं. मी डोंबिवली पश्चिमेला राहते, उज्ज्वलाताई पूर्वेला राहायच्या. रिक्षाने पंधरा मिनिटं. पण त्यांना घरातून नेलं तेव्हा मी वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात बसून एका फुटबॉल खेळणाऱ्या मुलीच्या गुडघ्याबद्दल मोबाइलवर वाद घालत होते. कारण काय, तर काकांनी सकाळी ग्रुपवर एक लाल गोल टाकला होता.

एका लाल गोलासाठी कोणी माणूस गमावतं का, असं तुम्हाला वाटेल. त्याला काका ठाऊक असायला हवेत.

आमचा ग्रुप म्हणजे भारताच्या महिला फुटबॉल संघाचे चाहते. ठाणे, डोंबिवली, कल्याण मिळून ऐंशी-नव्वद माणसं. क्रिकेटवर जीव टाकणाऱ्या आपल्या मुलखात एवढी डोकी कशी जमली याचंच आम्हाला नवल. बहुतेकांनी आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही. मीही नाही. पण संघाची यादी कधी येणार, डाव्या बाजूने धावणाऱ्या मुलीचा गुडघा बरा झाला का, नवी गोलकीपर उंचीला पुरेल का, यावर आम्ही घरच्या लग्नासारखे भांडायचो. या मुलींच्या बातम्या पेपरात येत नाहीत, त्यामुळे अफवांना ऊत. आज कोणी म्हणे कोच सोडून चालला, उद्या कोणी म्हणे कॅप्टनचं लग्न ठरलं. या सगळ्या अफवांच्या दारावर काका बसलेले.

काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला माल त्यांच्या टेबलावर यायचा, ते मोजायचे, आणि बरोबर असेल तर त्यावर आपला शिक्का मारायचे. प्रत्येक तपासनिसाचा शिक्का वेगळा, त्यावर त्याचा नंबर. काकांचा सात. कारखान्यात नाव सोडून त्यांना सगळे 'रिजेक्शन' म्हणायचे, आणि ते हाकेला ओ द्यायचे. निवृत्त झाले तेव्हा कारखानाच गुंडाळत आला होता, शिक्का परत मागायला कोणी उरलं नव्हतं. तो ते चष्म्याच्या जुन्या डबीत घालून कायम खिशात ठेवत. चष्मा मात्र दोरीने गळ्यात.

"शिक्का म्हणजे काय माहीत आहे का?" ते मला एकदा म्हणाले होते. ते सगळ्यांना अहो-जाहो करत, शेजारच्या पाच वर्षांच्या पोरीलासुद्धा. 'तू' म्हटलं की तपासणीत ढिलाई येते, असं त्यांचं मत. "शिक्का म्हणजे, मी पाहिलं. एवढंच. चांगलं आहे, वाईट आहे, ते नंतर. मी स्वतः पाहिलं. न पाहता मारला, किंवा पाहून खोटा मारला, तर आमच्यात एकच नियम होता. आपण होऊन जायचं, सुपरवायझरच्या हातात शिक्का ठेवायचा, आणि परत त्या टेबलावर बसायचं नाही."

"असं कोणी केलं होतं?"

"दोघांनी. एक रडला."

"आणि तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

ग्रुपवर त्यांनी कारखान्याचीच पद्धत आणली. बातमी आली की ते तपासत आणि खाली एक रंगीत गोल टाकत. हिरवा म्हणजे खरी. पिवळा म्हणजे थांबा, तपासणी चालू आहे. लाल म्हणजे खोटी, पुढे पाठवू नका. तपासणीचे प्रश्न दोनच. "कोण म्हणतं?" आणि "कोणी पाहिलं?" ग्रुपमध्ये तन्वी नावाची एक मुलगी होती, घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहणारी, आयटीतली, जिभेला हाड नसलेली. ती एकदा वैतागून म्हणाली, "काका, यार, कॅप्टनने स्वतः फोटो टाकलाय प्लास्टरचा! अजून काय पाहिजे तुम्हाला?" काकांनी पिवळा गोल टाकून खाली लिहिलं, 'प्लास्टर दिसते. पाय कोणाचा ते दिसत नाही.'

घरीही तेच. नारळ घ्यायला गेले की टोपलीतले सगळे हलवून कानाशी धरणार. नारळवाला त्यांना लांबून बघूनच म्हणायचा, "आजोबा, आज माल नाय." काकू हसत हसत सांगायच्या, "मला बघायला आले तेव्हा मध्यस्थांनी माझी उंची पाच फूट दोन सांगितली होती. यांनी मला दाराच्या चौकटीशी उभं केलं आणि म्हणाले, एक इंच कमी आहे. माझे वडील घाबरले. तर हे म्हणतात, चालेल, पण पत्रिकेत दुरुस्त करून घ्या." तेव्हा ते डोंबिवलीतच राहायचे; हल्ली दोघं मुलाकडे असतात, घोडबंदरला, सत्ताविसाव्या मजल्यावर. मुलगा सांगत होता, लिफ्टमधली तपासणीची चिठ्ठी किती तारखेची आहे ते वाचल्याशिवाय बाबा आत पाऊल टाकत नाहीत. मी म्हटलं, बरे आहेत म्हणजे.

उज्ज्वलाताई त्यांना पहिल्यांदा भेटल्या त्या ठाण्याच्या एका मैदानावर. शाळांच्या मुलींचे सामने होते. उज्ज्वलाताई पत्रकार. एका लहानशा दैनिकात वीसेक वर्षं खेळाचं पान सांभाळत होत्या, आणि मुलींच्या फुटबॉलवर लिहिणाऱ्या आमच्या भागातल्या त्या एकट्याच. लग्न केलं नव्हतं, थोरल्या भावाकडे राहायच्या. खांद्याला शबनम, तीत पोळीभाजीचा डबा आणि दोन पेनं, कारण एक ऐन वेळी हमखास दगा देतं. मला फुटबॉल बघायला त्यांनीच शिकवलं. "अगं, चेंडूकडे काय बघतेस सारखी? चेंडूकडे आख्खं गाव बघतं. ज्यांच्याकडे चेंडू नाही त्या काय करतायत ते बघ."

तर त्या दिवशी सामना सुरू होणार, एवढ्यात प्रेक्षकांतून एक गृहस्थ उठले, खिशातून टेप काढली आणि गोलपोस्टकडे चालू लागले. हे काका. आडवा दांडा पाहिजे त्यापेक्षा खाली आहे असा त्यांना बसल्याबसल्या संशय आला होता. पंच ओरडताहेत, शिक्षिका ओरडताहेत, आणि काका टाचा उंचावून माप घेताहेत. दांडा खरोखरच कमी निघाला. खांब मातीत जास्त रुतले होते. मग माळी शोधा, कुदळ शोधा, खांब वर काढा. पाऊण तास सामना थांबला, बावीस मुली वाळूत बसून चिंचा खात होत्या.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलाताईंनी बातमीत लिहिलं की एका जागरूक प्रेक्षकामुळे गोलपोस्ट चार इंच कमी असल्याचं उघड झालं. काका पेपर घेऊन त्यांच्या ऑफिसात हजर.

"चार नाही. पावणेचार."

"अहो, पाव इंचाने काय होतं?"

"पाव इंचाने चेंडू दांड्याला लागून बाहेर जातो. आणि मी प्रेक्षक नव्हतो. तपासत होतो."

उज्ज्वलाताईंनी तिसऱ्या दिवशी चौकटीत दुरुस्ती छापली, पाव इंचाची. असा खुलासा मराठी वृत्तपत्रसृष्टीत आजवर झाला नसेल, असं त्या म्हणायच्या. पण तेव्हापासून काकांना नाद लागला. दर रविवारी उज्ज्वलाताईंच्या आठवड्याभराच्या लिखाणातल्या चुकांची यादी ते त्यांना पाठवत, 'मोठ्या' आणि 'किरकोळ' अशा दोन रकान्यांत. ग्रुपवरसुद्धा त्यांच्या बातमीला काकांचा हिरवा गोल सगळ्यात उशिरा मिळायचा. "त्या बाईंचं काहीही गृहीत धरायचं नाही," असं ते आम्हाला दहादा बजावत. मला वाटे, यांचा बाईंवर राग आहे. बाई शिकलेल्या, चार ठिकाणी नाव असलेल्या, म्हणून म्हाताऱ्याला खुपत असणार. ही माझी शंका मी पुष्कळ दिवस जपून ठेवली होती. संशयी माणसाजवळ राहिलं की आपल्यालाही ती सवय लागते.

आता माझ्या स्वतःच्या फजितीचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोनेक वर्षांपूर्वी ग्रुपवर बातमी आली की जुन्या काळातल्या एक गोलकीपर बाई गेल्या. काका त्या आठवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात. दारावर पहारेकरी नाही म्हटल्यावर आम्हाला मोकळं रान. मी तर बारा ओळींचा मृत्युलेखच लिहिला. दुखऱ्या गुडघ्यांनिशी ही वाघीण गोलात कशी उभी राहायची वगैरे. मेल्या म्हशीला मणभर दूध. तो लेख गावभर फिरला, आणि तिसऱ्या दिवशी खुद्द त्या बाईंचाच मला फोन. खणखणीत आवाज. "लिहिलंयस छान हो. पण माझे गुडघे कधी दुखत नव्हते. अजूनही नाही दुखत." मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. उज्ज्वलाताई आठ दिवस हसत होत्या. काकांनी डोळ्यावरची पट्टी निघाल्या निघाल्या ग्रुपवर नियम लिहिला, 'यापुढे मृत्यूची कोणतीही बातमी माझ्या हिरव्या गोलाशिवाय मानू नये. श्रद्धांजली वाहू नये.' सगळ्यांनी अंगठे दिले. सगळ्यांत पहिला अंगठा माझा. दुधाने तोंड पोळलं होतं ना.

आणि मग तो मंगळवार आला.

दुपारी संघाची यादी जाहीर व्हायची होती. डाव्या बाजूची ती मुलगी सहा महिने दुखापतीने घरी होती, तिला घेतात की नाही यावर सकाळपासून ग्रुप पेटलेला. मी स्वयंपाकघरात डबा भरता भरता वाचत होते. साडेआठच्या सुमाराला तन्वीने कुठून तरी आलेला एक मजकूर टाकला. ज्येष्ठ क्रीडा पत्रकार उज्ज्वलाताईंचं आज पहाटे हृदयविकाराने निधन, वय बावन्न, आणि एक फोटो.

माझ्या हातातली पोळी तशीच राहिली.

"हे खरंय का???" तन्वीने खाली विचारलं होतं. "मला अननोन नंबरवरून आलं. काका प्लीज चेक करा ना."

दहा मिनिटं ग्रुपवर कोणी काही बोललं नाही. मग काकांचा गोल आला. लाल. खाली लिहिलं होतं, 'वय चूक. फोटो दहा वर्षे जुना. पाठवणारा अनोळखी. रिजेक्ट.'

मी उज्ज्वलाताईंना फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. यादीच्या दिवशी त्या कोणाचाच फोन घेत नसत, हे मला माहीत होतं. तरी रिक्षा करून जावं, असं मनात आलं. पण दहाला ऑफिसात बैठक होती, वर्षभराच्या कामाचा हिशोब साहेब मागणार होते, आणि काकांनी लाल दिला होता. खरं सांगू? तो लाल गोल माझ्या सोयीचा होता. मी डबा पिशवीत टाकला आणि निघाले.

तन्वीने लिहिलं, "बाप रे, हार्ट अटॅक मलाच आलेला. थँक यू काका!" मग कोणीतरी पुन्हा गुडघ्याचा विषय काढला. दुपारी यादी आली, तीत त्या मुलीचं नाव होतं, आणि ग्रुपवर नुसती दिवाळी. मीही चार-पाच वेळा फटाके उडवले. उज्ज्वलाताई एवढ्या गप्प कशा, असं एकानेही विचारलं नाही. सगळे चेंडूकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच दैनिकात, त्यांच्याच पानावर, खाली कोपऱ्यात बातमी होती. मंगळवारी सकाळी अकरा वाजता अंत्यसंस्कार झाले.

मी ती बातमी दोनदा वाचली. मग रडू आलं, आणि रडून झाल्यावर राग. ग्रुपवर आता श्रद्धांजल्यांचा पाऊस सुरू झाला होता, पण वर काकांचा लाल गोल तसाच. त्यांनी तो काढला नव्हता, बदललाही नव्हता. काका चुकले, एवढंच असतं तर मी समजले असते. पण माझ्या डोक्यात दुसरंच घुमू लागलं. शंका होती तर त्यांनी पिवळा का दिला नाही? कॅप्टनच्या प्लास्टरला पिवळा, कोचच्या राजीनाम्याला पिवळा, आणि जिच्याशी यांचं दर रविवारी भांडण तिच्या मरणाला एकदम लाल? दहा मिनिटांत? या माणसाने नारळ घ्यायला याहून जास्त वेळ घेतला असता.

त्या संध्याकाळी मी उज्ज्वलाताईंच्या भावाकडे गेले. दादा दाराशीच बसले होते. आत फोटोपुढे समई. मी फुटबॉलच्या ग्रुपमधली, असं सांगितलं तर म्हणाले, "हो का. या. तिचा फोन काल माझ्याच हातात होता, पण उचलायचं काही सुचत नव्हतं. सारखा टुंग टुंग वाजायचा. मला वाटलं, किती माणसं जोडलेली हिने. आंघोळ घालून तिला खाली आणेपर्यंत वाजतच होता. नंतर उघडून बघितलं तर कोणाच्या तरी गुडघ्याचं चाललेलं."

मला मान वर करवेना. कसंबसं म्हटलं, "दादा, आम्हाला कळलंच नाही. बातमी खोटी आहे असं..."

"नाही, नाही, मी रागावलो नाही. मीच लिहिणार होतो तुमच्या ग्रुपवर. पण वरती बघितलं तर बातमी आलेली होती. खाली लाल गोल होता. त्याचा अर्थ मला नाही कळला. म्हटलं, तुमच्यात दुखवट्याची तशी पद्धत असेल."

मी आत जाऊन फोटोला नमस्कार केला.

"तुमच्या ग्रुपमधले ते एक मात्र आलेले," दादा म्हणाले. "ते म्हातारे. गळ्यात चष्मा."

"कधी?"

"काल सकाळी. साडेसात वाजले असतील. डॉक्टर नुकतेच सांगून खाली उतरलेले. मी अजून कोणाला फोनसुद्धा केला नव्हता, आणि दारात हे उभे."

"पण त्यांना कळलं कसं?"

"रोज सातला फोन असायचा ना तिचा त्यांना. 'बोला साहेब, आज काय काय फेकून द्यायचं?' असं विचारायची. जे लिहायची ते आधी त्यांना वाचून दाखवायची. दहा वर्षं झाली असतील. तो फोन काल गेला नाही." दादांनी समईकडे पाहिलं. "आत आले, खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत बसले. मी म्हटलं, अहो, डॉक्टर सांगून गेलेत. तर म्हणाले, डॉक्टरांनी किती वेळ पाहिलं? मग दुसरं मनगट घेतलं. चांगली पंधरा मिनिटं. उठले, मला नमस्कार केला आणि म्हणाले, 'अजून नक्की नाही.' गेले."

जिना उतरताना मी वेळा जुळवत होते. साडेसात. आणि लाल गोल पावणेनऊला. म्हणजे त्यांना माहीत होतं. स्वतः पाहून, दोन्ही मनगटं तपासून माहीत होतं. त्यांनी लिहिलेली तिन्ही कारणं खरी होती. उज्ज्वलाताई बावन्न नाही, एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. फोटो जुना होता. पाठवणारा अनोळखी होता. निकाल तेवढा खोटा. मी रिक्षा पकडली ती थेट काकांच्या घरी.

काकूंनी दार उघडलं आणि काही न विचारता बाजूला झाल्या. काका खिडकीपाशी बसले होते. पुढ्यात उज्ज्वलाताईंच्या बातम्यांची कात्रणं, ढीगभर, आणि त्यांच्या समासात लाल पेनाच्या खुणा.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. बसलेसुद्धा नाही.

"होतं."

"तुम्ही तिथे जाऊन आला होतात."

"आलो होतो."

"मग लाल? काका, पिवळा तरी द्यायचा! पिवळा असता तर मी गेले असते. अर्ध्या तासात गेले असते. मला शेवटचं बघायचं होतं त्यांना. त्यांनी मला काय काय शिकवलं, तुम्हाला माहीत आहे? आणि मी तिकडे फटाके उडवत होते. त्यांच्या भावाने ते सगळं वाचलं!"

काकू म्हणाल्या, "अगं, त्यांनी कालपासून..." काकांनी हाताने त्यांना थांबवलं.

"पिवळा दिला असता तर तुम्ही सगळे मला विचारत राहिला असता," ते म्हणाले. "झालं का, हिरवा का, कधी देताय हिरवा. पिवळ्याला मुदत असते. कधीतरी तो हिरवा करावाच लागतो." त्यांनी पुढ्यातलं एक कात्रण सरळ केलं. "बाई गेल्या याला हिरवा मी द्यायचा? माझ्या हाताने?"

मी त्या कात्रणाच्या समासातल्या लाल खुणा पाहत होते.

"एकतीस वर्षं कारखान्यात आणि त्यानंतरची ही वर्षं. एकदाही खोटा मारला नव्हता. काल मारला. कळत होतं. मारताना अंगठा हलत नव्हता, तरी मारला." त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली आणि माझ्यापुढे धरली. "सुपरवायझर आता कोणी नाही. नुकसान तुमचं झालंय, तेव्हा तुम्ही घ्या."

"मी काय करू शिक्क्याचं?" मी रडत होते, आणि रागही गेला नव्हता. "मला शिक्का नको. मला त्यांना बघायचं होतं."

काकांनी डबी धरलेला हात मागे घेतला. मग त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, मांडीवर हात ठेवले आणि ताठ बसले.

"मी पाहिलं," ते म्हणाले. "सांगू?"

मी खाली बसले.

"उजव्या कुशीवर नव्हत्या. उताण्या. उशी एकच. अंगावर फिकट निळा गाऊन, वरचं बटण वेगळ्या रंगाचं, पांढरं. चष्मा काढून ठेवलेला, नाकावर दोन्ही बाजूंना त्याच्या खुणा. डावी जरा जास्त खोल. चष्मा वाकडा बसायचा त्यांचा, मी किती वेळा सांगितलं होतं. केस सुटे, विंचरलेले नव्हते. पुढच्या केसांत चार बोटं रुंद पांढरी पट्टी. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई. म्हणजे रात्री काहीतरी लिहिलं होतं. नखं कापलेली. तोंड मिटलेलं. कपाळावर आठी नव्हती. चुकांची यादी वाचताना असायची तशी एकही नव्हती. चेहरा..." ते थांबले. एकतीस वर्षांत मापाबाहेरचं काही बोलायची त्यांना सवय नव्हती. "चेहरा बरोबर होता. काही कमी नव्हतं."

काकू पदराने डोळे पुसत होत्या. मला उज्ज्वलाताई दिसत होत्या. ते पांढरं बटण, बोटावरची शाई, नाकावरची खोल खूण, सगळं दिसत होतं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर निम्मं रंगवून सांगितलं असतं, माझं समाधान व्हावं म्हणून. या माणसाच्या सांगण्यात पाव इंचाचाही फरक नसणार, याची मला खात्री होती.

मी त्यांच्या हातातली डबी घेतली. मग मोबाइल काढला, ग्रुप उघडला आणि वर वर जात मंगळवारच्या बातमीपाशी आले. लाल गोलाखाली हिरवा टाकायला बोट टेकवलं, आणि काका एकदम म्हणाले, "थांबा."

मी वर पाहिलं.

"कोणी पाहिलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही पाहिलं, काका."

त्यांनी मान हलवली, आणि मी हिरवा टाकला.